घाम दिसत नाही, एवढंच

(वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून)

ताई, माझं माहेर रत्नागिरीजवळचं. लग्नानंतर आठ वर्षं डोंबिवलीत काढली. गेल्या वर्षी पाऊस सुरू झाल्यावर यांची बदली चंद्रपूरला झाली, त्यामुळे इथला हा आमचा पहिलाच उन्हाळा. एप्रिल निम्माही सरला नाही आणि पारा ४३ वर गेलाय. गंमत म्हणजे इथे घाम तर येत नाही, तरी संध्याकाळी घरात प्रत्येकाचं डोकं दुखतं. हे सकाळी सहाला कोळसा खाणीवर जातात, तीनला येतात. डबा अर्धा परत येतो, 'आंबला होता' म्हणतात. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार. दुपारी पानावर बसतच नाहीत, फ्रिजमधली रंगीत बाटली आणि कुल्फी एवढंच हवं. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, साखर आणि रक्तदाब दोन्ही. आमरस सोडत नाहीत, पाणी मात्र आठवण केल्याशिवाय पीत नाहीत. मे अखेरीस नणंद चार महिन्यांचं बाळ घेऊन माहेरपणाला येणार आहे. त्याला उकळून गार केलेलं पाणी पाजायचं, असं सासूबाईंनी आत्ताच ठरवून टाकलंय. शेजारच्या काकू आंबील करा म्हणतात, मोबाईलवर रोज एक नवं सरबत येतं. यातलं काय करू आणि किती करू? आठवड्याचा एक तक्ता द्याल का?

— एक वाचक, चंद्रपूर

प्रिय मैत्रिणी,

तक्ता देत नाही. आजवर दिलेले माझे तक्ते लोकांनी सोमवारी फ्रिजवर चिकटवले आणि बुधवारपर्यंत त्यांच्यावर लाईट बिल चिकटलेलं होतं. त्यापेक्षा तुमच्या पत्रातलं एक वाक्य आधी खोडू या. 'इथे घाम तर येत नाही.' येतो, आणि डोंबिवलीपेक्षा कमी नाही येत. तुम्हाला तो दिसत नाही, एवढंच.

समुद्राकाठची हवा आधीच पाण्याने जड असते. तिथे घामाला वाळायला वाव नसतो, तो पाठीवरून ओघळतो, कपडे अंगाला चिकटतात आणि माणूस आपसूक पाणी मागतो. चंद्रपुरात मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली उतरते. कातडीवर आलेला थेंब ओघळायच्या आत उडून जातो. त्याने अंग थंड होतं, कारण एक लिटर घाम उडून जाताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. पण अंगातून पाणी आणि मीठ गेल्याची कसलीच खूण मागे राहत नाही. खूण बघायचीच असेल तर यांचा शर्ट बादलीत टाकण्याआधी उलटा करून बघा. पाठीवर आणि काखेत पांढरे नकाशे उमटलेले असतील. ते मीठ आहे. संध्याकाळच्या डोकेदुखीचा उगम बहुतेक तिथेच.

माठाचंही असंच. रत्नागिरीत मे महिन्यात माठातलं पाणी जेमतेम गार होतं. इथे त्याच माठातलं पाणी दाताला झोंबेल इतकं थंड लागेल. माठ पाझरतो, कोरडा वारा ते पाणी उडवतो आणि आतलं गार होत जातं. सकाळी काठोकाठ भरलेला माठ कुणी न पिताही संध्याकाळी जरा उतरलेला असतो. माणूसही तसाच उतरतो. म्हणून इथला नियम एकच, तहानेची वाट बघायची नाही. माझं बालपण वर्धा जिल्ह्यात आर्वीकडे गेलं. आजीच्या घरी दाराशी रांजण असे, आणि उंबरा ओलांडणारा आत येणारा असो की बाहेर जाणारा, त्याला फुलपात्र रिकामं करावंच लागे. सोबत मिळणारा गुळाचा खडा हा पाहुणचार होता, पाणी हा कायदा होता. तुम्हीही हा कायदा लावा. माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून काढून बाहेरच्या दाराजवळ, सावलीत आणि वाऱ्यावर ठेवा. मोजमाप लिहून ठेवायची गरज नाही. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक चाललंय, चहासारखी गडद असेल किंवा जळजळ होत असेल तर पाणी कमी पडतंय. आपल्याकडे 'उन्हाळी लागली' म्हणतात ती हीच. पाणी वाढवून दोन दिवसांत गेली नाही किंवा ताप आला तर मात्र जंतुसंसर्ग असू शकतो, डॉक्टर गाठा.

आता यांचा डबा. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैज लावते, की भाजीत ओलं खोबरं असतं. कोकणातल्या हाताला खोबऱ्याशिवाय भाजी पुरी झाल्यासारखी वाटत नाही, त्यात तुमचा दोष नाही. पण सकाळी साडेपाचला भरलेला डबा दुपारी बारापर्यंत उन्हातल्या गाडीत ४५ अंशांवर बसून असेल, तर ओलं खोबरं त्याआधीच राम म्हणतं. माझी फजिती याहून मोठी. लग्न झालं त्या वर्षी नवऱ्याला कौतुकाने डब्यात आमरस दिला. दुपारी त्यांनी झाकण उघडलं तेव्हा ते उडालं आणि रस शेजारच्या टेबलावरच्या फाईलवर गेला. त्यानंतर आमच्या घरातून कोणतंही रसदार प्रेम डब्यातून गेलेलं नाही.

जंतूंना साधारण ५ ते ६० अंशांमधली हवा मानवते, आणि त्यातही आपल्या अंगाच्या आसपासचं तापमान त्यांना फार आवडतं. एरवी शिजवलेलं अन्न दोन तास बाहेर चालतं, इथल्या उन्हाळ्यात एकच तास धरा. भाताबद्दल तर विशेष काळजी घ्या. शिजलेल्या भातात वाढणारा एक जंतू असं विष तयार करतो जे पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. रात्रीचा भात ओट्यावर राहिला असेल तर सकाळी त्याला फोडणी देऊ नका, टाकून द्या. तासाभरात पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये गेला असेल तर खुशाल फोडणी द्या.

डब्यात कोरडं द्या. दुधात भिजवलेल्या दशम्या, ज्वारीची भाकरी, कमी पाण्याचा झुणका, जवसाची नाहीतर तिळाची चटणी, कांदा. वाटीभर कैरी-कांद्याचा तक्कू द्या. कैरी किसून, कांदा, तिखट, गूळ, मीठ आणि वरून फोडणी. आंबटपणामुळे तो टिकतो आणि वाळलेल्या तोंडाला चव येते. ताक द्यायचं तर फक्त थर्मासमध्ये, थर्मास आधी बर्फाच्या पाण्याने थंड करून. वाटीभर दह्याला चार वाट्या पाणी, मीठ, भाजलेलं जिरं. आणि हो, इथला भाजीवाला 'सांबार देऊ का' म्हणाला तर ते इडलीबरोबरचं नव्हे, कोथिंबीर.

खाणीवर उन्हात उभ्या राहणाऱ्या माणसाला तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं, तेही दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं थोडं. दोन तास काही न पिता मग एकदम बाटली रिकामी करण्यात अर्थ नाही. आणि दिवसभर नुसतंच साधं पाणी ढोसलं, मीठ गेलंच नाही, तर रक्तातलं सोडियम घसरतं, मळमळ आणि गोळे सुरू होतात. ताक, लिंबाचं मीठ-साखर घातलेलं पाणी किंवा ओआरएस, यातलं एक काहीतरी शिफ्टमध्ये झालंच पाहिजे. ओआरएसचं पाकीट घ्याल ते जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे आहे का, तेवढं वाचा, आणि एका लिटरचं पाकीट पूर्ण एका लिटरातच घाला. मधल्या काळात गोड पेयांच्या खोक्यांवरही ओआरएस छापलेलं असायचं. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, ऑक्टोबर २०२५ मध्ये ते बंद करायला सांगितलं, पण कुठल्या दुकानात जुना माल असेल कुणी सांगावं. औषधाच्या दुकानातलं भुकटीचं पाकीट सगळ्यात बरं. घरी करायचं झालं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंदाजपंचे नको, मीठ जास्त पडलं तर अपायच होतो.

खिशात कांदा ठेवायचा का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण काकूंनी सांगितलं असेलच. खिशातल्या कांद्याने ऊन अडत नाही. जेवणात खाल्लेला कांदा मात्र खरंच चांगला. डोक्याला आणि कानाला गुंडाळलेला सुती दुपट्टा या सगळ्यांपेक्षा उपयोगी, तो न विसरता गेला तर कांदा ठेवू द्या खिशात बापडा.

मुलांच्या बाबतीत माझं मत तुम्हाला कदाचित ऐश करायला लावणारं वाटेल. दुपारी एक वाजता त्यांना पानावर बसवू नका. अन्न पचवताना शरीरात उष्णता तयार होते, म्हणून भर उन्हात भूक मरते. मुलं हट्टीपणा करत नाहीयेत, त्यांचं अंग बरोबर वागतंय. त्यांच्या जेवणाच्या वेळा हलवा. सुट्टीच आहे. विदर्भातल्या शाळा तशाही राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिराच उघडतात. सकाळी सातच्या आत उठतील तेव्हा खरं जेवण तेव्हाच होऊ द्या. उपमा, थालीपीठ-लोणी, अंडं खात असतील तर अंडं, मुगाचं धिरडं. दुपारी बाराच्या सुमाराला हलकं आणि गार असं काहीतरी, दहीभात, दहीपोहे, काकडीची कोशिंबीर, टरबुजाच्या फोडी. (कलिंगड शोधू नका, इथे ते टरबूज.) संध्याकाळी ऊन उतरल्यावर भाजलेले फुटाणे नाहीतर मुरमुऱ्यांचा चिवडा, आणि रात्री साडेआठला वरण-भात-पोळी-भाजी. दिवसाची बेरीज तीच होते.

टरबूज अख्खं आणा, कापण्याआधी साल धुवा. गाड्यावर कापून ठेवलेलं, माश्या बसलेलं घेऊ नका. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं, आणि मुलं पाण्याला नाही म्हणतात तसं त्याला म्हणत नाहीत.

आता ती रंगीत बाटली. साध्या कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीलीटरमध्ये तीस ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सात-आठ चमचे. तेवढी साखर तुम्ही स्वतः ग्लासात घातली असती तर सासूबाईंनी हात धरला असता. बाटली घरात आणायची नाही एवढंच करा, भाषण देऊ नका. बदल्यात तुमच्याकडे असं काही आहे जे चंद्रपूरच्या कोणत्याच घरात नाही, ते म्हणजे माहेरचं कोकम. आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची, एक बाटली मागवून घ्या. बेताची साखर, चिमूट मीठ, जिरं घालून सरबत करा, साच्यात ओता, काड्या खोचा, फ्रीजरमध्ये ठेवा. लालभडक होतं, जीभ रंगते, मुलांना आणखी काय हवं असतं? गाडीवरच्या गोळ्याला माझी हरकत रंगापेक्षा बर्फाबद्दल आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्याजोगा नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, पण लाल सरबत ओतल्यावर खालचा बर्फ कसला होता ते कोण बघतं? आठवड्यातून एखादी कुल्फी मात्र द्या, दुधाचीच आहे. सगळंच तोडलंत तर मुलं शेजारी जाऊन खातील.

काकू बरोबर सांगतात, आंबील कराच. तुम्ही नाचणीची केली असेल, इथे ज्वारीची. रात्री चार चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर ताकात कालवून झाकून ठेवा. मुंबईच्या पाककृतीत बारा तास आंबवा लिहिलेलं असेल, इथे सहा-सात पुरे, नाहीतर तोंड वाकडं होईल इतकी आंबट होते. सकाळी चार वाट्या पाण्याला उकळी आणा, त्यात जिरं, ठेचलेला लसूण आणि मीठ घाला, आणि भिजलेलं पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहा. गुठळी झाली तर रवीने घुसळून टाका, कुणाला कळत नाही. सात-आठ मिनिटं शिजली की उतरवा, गार झाली की आणखी ताक घालून पातळ करा. यांना सकाळी निघताना पेलाभर, मुलांना अकराला वाटीभर. पाणी, मीठ आणि थोडं अन्न एकाच भांड्यात आलं. रोज नवं सरबत शोधायची गरज राहत नाही. पन्हं, ताक, आंबील, कोकम, एवढ्या चौघांत उन्हाळा निघतो. सब्जाचं बी भिजवून घालायचं तर घाला, छान लागतं. मोबाईलवर त्याचे जितके गुण सांगतात तितके त्यात नाहीत.

पन्हं करताना एक पथ्य पाळा. कैऱ्या उकडून गर काढला की गूळ घालायच्या आधी सासूबाईंचा वाटीभर गर बाजूला ठेवा. त्यांना त्यात पाणी, जिरेपूड, वेलची आणि नखभर मीठ. आंबटच लागेल, पण त्यांच्या पिढीला आंबटाचं वावडं नाही. ताकाचंही तसंच, घरात दोन ताकं असू द्या. यांचं खारं, कारण ते मीठ घामातून घालवून येतात. सासूबाईंचं बिनमिठाचं, कारण त्या सावलीत बसून असतात आणि रक्तदाबाला जास्तीचं मीठ सोसत नाही. 'उन्हाळ्यात मीठ वाढवावं' हा सल्ला सगळ्या घराला सरसकट लावला की असा घोळ होतो.

आमरस त्या सोडणार नाहीत, आणि मला विचाराल तर वर्षातले पन्नास दिवस येणारी गोष्ट तोडूही नये. साखर न घालता, लहान वाटीने, जेवणाच्या मध्ये घेऊ द्या. जेवणानंतर वर आणखी नको. ज्या दिवशी रस त्या दिवशी भात नाही आणि पोळी एकच, हा सौदा त्यांच्याशीच करा. दोन तासांनी घरच्या यंत्रावर साखर बघा. आकडा त्यांना स्वतःला दिसला की तुम्हाला बोलावं लागत नाही. आंबे आणल्यावर तासभर पाण्यात ठेवायची आपली पद्धत चांगली आहे, देठाचा चीक धुऊन निघतो. तो ओठाला लागला तर फोड येतो, आणि नाव मात्र आंब्याच्या उष्णतेचं होतं.

सासूबाईंच्या बाबतीत एक काम आजच करा. त्यांच्या गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारी गोळी आहे का, ते डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाच्या उपचारात ती बऱ्याचदा असते, आणि कडक उन्हाळ्यात तिचं प्रमाण बदलावं का, हे डॉक्टरच ठरवू शकतात. स्वतःहून गोळी बंद करू नका. मूत्रपिंडाची किंवा हृदयाची तक्रार असेल तर दिवसाला किती पाणी चालेल तेही विचारा, नारळपाणी आणि ओआरएससुद्धा. काही गोळ्यांबरोबर त्यातलं पोटॅशियम बाधू शकतं. वयाबरोबर तहानेची जाणीवच बोथट होते, त्यामुळे 'मला नको' हे त्यांचं खरंच म्हणणं असतं. आठवण करण्यापेक्षा त्यांच्या हाताशी एक तांब्या-भांडं ठेवा आणि जपाची माळ झाली की एक भांडं, मालिका संपली की एक, असं त्यांच्याच दिवसाला बांधून टाका. त्या इन्सुलिन घेत असतील तर कुपी फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीजरजवळ नको.

उपास करत असतील तर दुपारी साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा यापेक्षा भगर आणि दही बरं. भगर मात्र थोडी आणि ताजी आणा, निवडून धुऊन घ्या. जुन्या भगरीला बुरशी लागून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उपासाच्या हंगामात येतातच.

बाळाला पाणी नाही, उकळून गार केलेलंही नाही, गुळाचं-साखरेचं तर नाहीच. सहा महिने पुरे होईपर्यंत आईचंच दूध, चंद्रपुरातही आणि नवतपाच्या त्या नऊ कडक दिवसांतही. त्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं. चार महिन्यांच्या बाळाचं पोट पाण्याने भरलं तर तेवढं दूध कमी जातं, वर जंतूंची भीती. उन्हाळ्यात बाळ वरचेवर प्यायला मागेल, मागेल तेव्हा पाजू द्या. दिवसात सहा-सात वेळा लंगोट ओला होत असेल तर त्याला पाणी पुरतंय. पाणी पाजायचं ते नणंदेला. पाजायला बसली की तिच्या हाताशी पेला ठेवायचा, हे काम सासूबाईंकडे द्या. त्यांना बाळासाठी काहीतरी करायचंय, ते काम योग्य ठिकाणी लावलं की झालं. तरी ऐकल्या नाहीत तर तुम्ही वाद घालू नका, आशाताईंना नाहीतर बाळाच्या डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं एकच वाक्य आपल्या घरांत वेगळं ऐकू येतं, काय करणार.

आणि जमलं तर माहेरपणाच्या तारखा सरकवा. २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि पुढचे नऊ दिवस इथे नवतपा म्हणतात. चार महिन्यांचं बाळ घेऊन त्याच आठवड्यात प्रवास कशाला? आधीच या म्हणावं किंवा पाऊस पडून गेल्यावर.

एवढं लिहिल्यावर तुमचं पत्र पुन्हा उघडलं. त्यात पाच माणसांच्या खाण्याची चौकशी आहे. या पाचांसाठी ओट्यापाशी उभं राहणाऱ्या सहावीचा उल्लेख नाही. बाहेर ४४ अंश, समोर दोन शेगड्या, आणि ज्योत हलते म्हणून पंखा बंद. घरातली सगळ्यात तापलेली जागा तुमची आहे, खाणीवर निदान वारा तरी असतो. स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरका. पोळ्या तेव्हाच करून कोरड्या फडक्यात बांधून ठेवा, दुपारी 'गरम पोळी' कुणालाही मिळणार नाही, मागणाऱ्यानेही समजून घ्यावं. डाळ-भात कुकरमध्ये एकत्र लावा आणि शिट्ट्या झाल्या की गॅस बंद, उरलेलं वाफेवर होऊ द्या. इंडक्शनची शेगडी असेल तर ती खिडकीपाशी नेऊन तिच्यावर करा, तिच्याने खोली फारशी तापत नाही. मे महिन्यात पुरणपोळी, तळण, पाहुण्यांसाठी पाच पदार्थ, सगळं रद्द. विदर्भातल्या बायका उगाच मार्च-एप्रिलमध्ये कुरड्या, सांडगे, पापड करून डबे भरून ठेवत नाहीत. भाजी नसेल त्या दिवशी कढी, भाजलेला पापड, भात, संपला विषय. पहिला पेला ओट्याशी उभं राहणारीने घ्यायचा, सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलं तर नव्हे.

एक गोष्ट फक्त लक्षात ठेवायची, वेळ येऊ नये. कुणाला चक्कर, मळमळ, गोळे आले तर सावलीत आडवं करून पाय उंच, ओलं फडकं, ओआरएसचे घोट, बहुतेक माणसं अर्ध्या तासात सावरतात. पण अंग भट्टीसारखं तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय, झोकांड्या खातोय किंवा शुद्ध हरपतेय, तर तो उष्माघात. तिथे कांद्याचा रस, पन्हं, तापाची गोळी यातलं काहीही चालत नाही. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा, पंखा सुरू ठेवा, काखेत, मानेला आणि जांघेत बर्फ लावा. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नका. लहान मुलाने सहा-आठ तासांत लघवी केली नसेल, तो मरगळून पडला असेल, तरी दवाखाना.

आता माठाकडे परत. अक्षय तृतीयेला इथे घागर भरतात, पन्हं नाहीतर चिंचोणी करतात. तुम्हीही त्या दिवशी नवा माठ आणा, आधी दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, आत वाळ्याची जुडी सोडा. आतून साबण लावू नका, वास धरतो. नुसता घासून धुवा आणि आठवड्यातून एकदा कोरडा होऊ द्या. पाणी हात न बुडवता ओगराळ्याने काढा.

जूनमध्ये एक दिवस असा येईल की दोन सरी पडून गेलेल्या असतील, पारा ३८ वर उतरलेला असेल, सगळे 'सुटलो बुवा' म्हणतील, आणि माठातलं पाणी मात्र गार लागणार नाही. त्या दिवशी ढिलाई करू नका. माठ गार होत नाही म्हणजे तुमच्या अंगावरचा घामही आता वाळत नाहीये, तो रत्नागिरीसारखा ओघळेल. कूलरचा पंप बंद करा, नुसता पंखा चालू ठेवा, नाहीतर खोलीत आणखी दमटपणा भराल. यांचं खारं ताक तेव्हाही थर्मासमध्ये जाऊ द्या, पाऊस नीट बसेपर्यंत.

तुमची,
सदरवाली ताई